पुनर्परीक्षा आणि पुनर्वाचन

मराठीत नापास होण्यासाठी जितके शब्द आहेत, तितके उत्तीर्ण होण्यासाठी नाहीत. 'पास झाला' म्हटले की विषय संपतो. नापास झालेला मात्र गचकतो, गोता खातो, लटकतो. त्याची दांडी गुल होते, त्याचा विषय 'राहतो'. खुद्द 'नापास' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. फारसीतून रुळलेला 'ना' आणि इंग्रजीतून आलेला 'पास' यांचा तो संकर; दोन राजभाषांनी मिळून एका मराठी मुलाच्या कपाळी मारलेला शिक्का. पुन्हा परीक्षेस बसणाऱ्याला अर्जावर 'पुनर्परीक्षार्थी' म्हणतात आणि वर्गात 'रिपीटर'. दोन्ही शब्द उच्चारताना आवाज खाली येतो.

साहित्याच्या अभ्यासकाला 'पुन्हा' या शब्दाचे असे भय नसते. पुनर्वाचन, पुनर्लेखन, पुनर्मूल्यांकन हे आपल्या क्षेत्रातले प्रतिष्ठेचे शब्द. एखादी कादंबरी आपण वीस वर्षांनी पुन्हा वाचली, असे म्हणणारा समीक्षक कमीपणा घेत नाही. उलट वाचक सरसावून बसतो. 'पुनर्मूल्यांकन' हा शब्द तर आपल्याकडे दोन ठिकाणी नांदतो : चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेवर आणि परीक्षा विभागाच्या खिडकीवर. पहिल्या ठिकाणी तो मान असतो, दुसऱ्या ठिकाणी विनवणी. या दोन 'पुन्हां'मधले अंतर आम्हांला २०२१ साली काही महिने फार जवळून पाहावयास मिळाले. निमित्त होते परिचर्या क्षेत्रातील एका परीक्षेचे.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. राहणे बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर. जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयास हवे, की आमच्या जिल्ह्याचे सरकारी तालुके तेरा असले, तरी बोलण्यात भाग दोनच : घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा ही वरची मंडळी. खामगाव, शेगाव, मलकापूर, संग्रामपूर ही खालची. कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेला असताना आमच्याकडे मराठी शिकलेली एक विद्यार्थिनी पुढे बी. एस्सी. नर्सिंग झाली. २०२० च्या साथीत तिने एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या केल्या. पुढे तिची निवड सामुदायिक आरोग्याच्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमासाठी झाली आणि त्याच्या लेखी परीक्षेत ती नापास झाली. तिचे नाव येथे देत नाही. तशी तिची इच्छा आहे आणि लेखाला त्याची गरजही नाही.

या परीक्षेला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी पाहू. अमेरिकेत १९६५ मध्ये कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी बालआरोग्यासाठी 'नर्स प्रॅक्टिशनर' हा अभ्यासक्रम सुरू केला. परिचारिकेने केवळ आज्ञा पाळावयाची नसून, ठरावीक मर्यादेत स्वतः तपासणी, निदान आणि उपचार करावयाचे, हे त्यामागचे सूत्र. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता शाखेसाठी असा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. परंतु खेड्यातल्या माणसाला या कल्पनेचे जे रूप भेटते, ते वेगळे आहे. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली आरोग्य उपकेंद्रांचे रूपांतर 'आरोग्यवर्धिनी केंद्रां'त होऊ लागले (२०२३ पासून त्यांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हणतात) आणि तेथे 'समुदाय आरोग्य अधिकारी' हे कंत्राटी पद निर्माण झाले. आयुर्वेद पदवीधरांप्रमाणेच बी. एस्सी. नर्सिंग झालेल्यांसाठीही ते खुले झाले. सपाट प्रदेशात सुमारे ५,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात सुमारे ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. तिथवर डॉक्टर रोज पोहोचत नाही. तेथे रक्तदाब, मधुमेह, गरोदरपण, लेकरांचा ताप-खोकला यांची पहिली पारख करणारी व्यक्ती म्हणजे हा अधिकारी.

मानधन दरमहा २५,००० रुपये आणि कामावर आधारित १५,००० पर्यंत. पण त्याआधी ते प्रमाणपत्र. घरी सोयाबीन-कपाशीची कोरडवाहू शेती आणि शिकणारा धाकटा भाऊ असलेल्या मुलीच्या दृष्टीने ही परीक्षा किती मोठी असेल, हे निराळे सांगावयास नको. त्याहून खोल गोष्ट वेगळीच होती. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसोबत रात्रीमागून रात्री काढलेल्या मुलीला कागदाने सांगितले होते, की तुला हे येत नाही. गावात त्यावर शेरा मिळाला, 'नर्सच तर व्हायचं होतं, त्यातही नापास?' या एका वाक्यात दोन अपमान होते. पहिला तिच्या व्यवसायाचा, दुसरा तिचा.

ती आमच्याकडे आली तेव्हा आम्ही तिला इंग्रजीच्या प्राध्यापकांचे नाव सुचविले. परीक्षा इंग्रजीत, आम्ही मराठीचे. तिने जे उत्तर दिले ते आमच्या स्मरणात राहिले आहे. ती म्हणाली, "मॅडम, इंग्रजी येतं मला. प्रश्न काय मागतो, तेच समजत नाही."

हे वाक्य साहित्याच्या अध्यापकाला उद्देशून होते, यात शंका नाही. प्रश्न काय मागतो हे समजणे म्हणजेच वाचन.

तिने सरावासाठी लिहिलेली उत्तरे आम्ही वाचावयास घेतली. एका प्रश्नात एका स्त्रीची हकीकत होती. आठवा महिना, दोन दिवसांपासून डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधुक दिसते, रक्तदाब १६०/११०, लघवीत प्रथिने. उपकेंद्रात तुम्ही काय कराल? तिच्या उत्तराची सुरुवात 'प्री-एक्लॅम्पसिया'च्या व्याख्येने झाली होती. मग कारणे, मग प्रकार, मग लक्षणांची यादी. दोन पाने भरल्यावर शेवटच्या पाच ओळींत, वेळ संपत आल्याच्या घाईत, उपचार. आम्ही तिला विचारले, ही बाई आत्ता तुझ्यासमोर आली तर? क्षणाचाही विलंब न लावता ती बोलू लागली : डाव्या कुशीवर झोपवायचे, रक्तदाब पुन्हा मोजायचा, मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा द्यायची, १०८ ला फोन करायचा, दिलेल्या औषधाची वेळ चिठ्ठीवर लिहायची, झटका आलाच तर जीभ चावली जाऊ नये आणि श्वास मोकळा राहावा म्हणून काय करायचे ते नातेवाइकांना नव्हे, सोबत जाणाऱ्या माणसाला सांगायचे. मग हे उत्तरात का नाही? "ते तर करायचं असतं, सर. लिहायचं काय त्यात?"

ज्ञान हातात होते आणि कागद डोक्यातले ज्ञान मागतो, असा तिचा पक्का समज होता. हा समज तिने परिचर्येच्या शिक्षणात मिळविलेला नाही, त्याच्या बऱ्याच आधीचा तो आहे. कवितेचे रसग्रहण करा म्हटले की आमचे विद्यार्थी कवीच्या जन्मगावापासून आरंभ करतात. गाइडांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच साचा शिकविला आहे : व्याख्या, स्वरूप, वैशिष्ट्ये, प्रकार, समारोप. प्रश्न कोणताही असो, उत्तर विषयावर लिहावयाचे, प्रश्नावर नाही. साहित्याच्या परीक्षेत हा साचा चालून जातो, कारण कवितेचा जीव त्याने जात नाही. येथे मात्र प्रश्नपत्रिका एका बाईचा जीव समोर ठेवून विचारीत होती, की पहिल्यांदा काय कराल? आणि उत्तर सांगत होते की या विकाराचे प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

म्हणून आम्ही अभ्यासक्रमाला हात न लावता प्रश्न वाचावयास बसलो. पहिले काही दिवस उत्तर लिहावयाचेच नाही. फक्त प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ ओढावयाची. 'सांगा' आणि 'स्पष्ट करा' यांत काय फरक? 'पहिली कृती' आणि 'सर्वांत महत्त्वाची कृती' या एकच आहेत का? रुग्णाची हकीकत दिली असेल तर त्यातला प्रत्येक तपशील कशासाठी आला आहे? कथेतला तपशील उगीच येत नाही, हे आपण कथेच्या तासाला सांगतो. प्रश्नपत्रिकेतल्या कथेलाही तेच लागू पडते. सात महिन्यांच्या बाळाच्या हकीकतीत वय दिले आहे, कारण श्वासांची मोजणी वयावर अवलंबून असते : दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. हे तीन आकडे तिला पाठ होते. पण हकीकतीतले वय हेच प्रश्नाचे कुलूप आहे आणि पाठ केलेली ओळ ही त्याची किल्ली, हे तिला कोणी दाखविले नव्हते.

दुसरे काम आमच्या अज्ञानाने केले. वैद्यकाचे आम्हांला काही कळत नाही. म्हणून असे ठरले, की रोज एक उत्तर घड्याळ लावून लिहावयाचे आणि आम्ही ते वाचून त्याप्रमाणे 'वागून' दाखवावयाचे. उत्तरात 'रुग्णाला योग्य स्थितीत ठेवावे' असे असेल, तर आम्ही विचारणार, योग्य म्हणजे कोणती? 'आवश्यकतेनुसार पुढे पाठवावे', म्हणजे केव्हा, कुठे, कशाने? तिची उत्तरे अशा शब्दांनी भरलेली होती. योग्य, आवश्यक, इत्यादी. समीक्षेच्या लेखनातही ही मंडळी पुष्कळ असतात, हे वाचकांना ठाऊक आहेच. महिनाभरात हे शब्द गळून पडले आणि त्यांच्या जागी आकडे, वेळा आणि कृती आल्या. उत्तरे लांबीने निम्मी झाली.

तिसरी गोष्ट तिच्या वहीतून निघाली. तिला इंग्रजी संज्ञा येत होत्या आणि रुग्णांची बोली तर तिची स्वतःचीच होती. परंतु या दोहोंची मनात कधी भेट झाली नव्हती. तेव्हा वहीच्या डाव्या पानावर पुस्तकातली संज्ञा आणि उजव्या पानावर रुग्ण जे म्हणतो ते, अशी मांडणी सुरू झाली. बाळाच्या छातीचा खालचा भाग श्वासागणिक आत ओढला जातो, ही पुस्तकातली धोक्याची खूण, आई म्हणते, "लेकराचं पोट उडून राह्यलं." श्वेतप्रदराला 'अंगावरून पांढरं जाते', मज्जातंतूंच्या विकाराला 'हातापायाला मुंग्या'. 'जीव घाबरून राह्यला' या वाक्यापुढे मात्र तिला एक संज्ञा लिहिता येईना. ते हृदयाचे दुखणे असू शकते, साखर उतरणे असू शकते, चिंता असू शकते, रक्त कमी असणेही असू शकते. तेथे तिने चार संज्ञा लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे, ती ओळखण्यासाठी रुग्णाला विचारावयाचा एकेक प्रश्न लिहिला. आमच्या मते ती त्याच पानावर उत्तीर्ण झाली होती.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या १८५९ च्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर एक प्रकरण आहे. उत्तर सुचविणारे प्रश्न विचारले की खोटी माहिती मिळते, यावर त्यांनी तेथे बराच भर दिला आहे. रात्र चांगली गेली का, असे विचारू नये. किती तास झोप झाली आणि रात्रीच्या कोणत्या वेळी, असे विचारावे, असा त्यांचा आग्रह. हे पुस्तक परिचर्येचे म्हणून ओळखले जाते. प्रश्न विचारण्याच्या कलेवरील पुस्तक म्हणूनही ते आपल्या वर्गांत वाचावयास हरकत नाही.

पुनर्परीक्षेची व्यवस्था इतरत्र कशी असते, हे पाहणेही उद्बोधक आहे. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरच्या प्रमाणपत्रासाठी ज्या परीक्षा आहेत, त्यांपैकी अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्स प्रॅक्टिशनर्सच्या प्रमाणन मंडळाची परीक्षा नापास झालेल्या उमेदवाराला तो कोणत्या भागांत कमी पडला ते कळविते आणि त्या भागांत किमान १५ तासांचे शिक्षण घेतल्यावरच पुन्हा बसू देते. दुसऱ्या एका मंडळाच्या परीक्षेत दोन प्रयत्नांमध्ये ६० दिवसांचे अंतर सक्तीचे आहे. या नियमांत शिस्त आहेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसरा प्रयत्न हा पहिल्याची नक्कल नसून निराळी तयारी असावयास हवी, ही समज आहे. आमच्या विद्यार्थिनीच्या हाती एक आकडा आला होता. का, हे त्या आकड्याने सांगितले नव्हते. मग अशी मुले काय करतात? पहिल्यांदा जे पाठ केले तेच अधिक जोराने पाठ करतात. पुस्तक समजले नाही म्हणून तेच पुस्तक मोठ्या आवाजात वाचण्यासारखे हे आहे. पुनर्वाचन ही त्याहून वेगळी क्रिया आहे. कथानक ठाऊक असलेला वाचक दुसऱ्या खेपेस 'पुढे काय' या उत्सुकतेतून मोकळा होतो आणि रचना पाहू लागतो. परीक्षेस दुसऱ्यांदा बसणाऱ्यालाही हीच संधी असते. फक्त लाजेमुळे ती त्याला दिसत नाही.

लाजेवरून आठवण होते ती रमाबाई रानडे यांची. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेले 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचे पुस्तक मराठीच्या विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. घरातल्या बायकांचा रोष सोसून त्या कशा शिकल्या, यावर दरवर्षी उत्तरे लिहिली जातात. परंतु याच रमाबाईंनी उभारलेल्या पुण्याच्या सेवासदनाने परिचारिकांचे शिक्षण हाती घेतले आणि ज्या काळात भल्या घरच्या बाईने परक्याच्या अंगाला हात लावणे हा कलंक होता, त्या काळात मुलींना ससून रुग्णालयात शिकावयास पाठविले, हा धागा आमच्या तासांत क्वचितच जोडला जातो. आत्मचरित्रातील शिक्षण आणि संस्थेतील शिक्षण हे एकाच बाईच्या आयुष्यातील दोन सलग प्रकरणे आहेत. 'नर्सच तर व्हायचं होतं' हे वाक्य ज्या मानसिकतेतून येते, ती शंभर वर्षांत पुरती गेलेली नाही, हे या धाग्याने वर्गात दाखविता येईल.

शब्दांच्या पातळीवरही ही उतरंड दिसते. शासनाच्या मराठीत अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका अशी पदनामांची नीटस श्रेणी आहे. वॉर्डात मात्र या सगळ्या 'सिस्टर' असतात आणि खेड्यात 'नर्सबाई'. 'समुदाय आरोग्य अधिकारी' हे नवे पद तर लोकांच्या तोंडी बसावयास तयार नाही. बहुतेक ठिकाणी त्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे 'सीएचओ' हेच नाव रूढ झाले आहे. आमच्या विद्यार्थिनीला म्हाताऱ्या बाया 'डॉक्टरीण बाई' म्हणतात. ती प्रत्येक वेळी दुरुस्त करते. तिला तसे करावेसे वाटते, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते.

होय, ती उत्तीर्ण झाली. गुण नेत्रदीपक नव्हते, पुरेसे होते. नेमणूक घाटाखाली मिळाली, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. तेथील भूजल खारे, आणि संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या गावांत मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी अनेक वर्षांपासूनच्या. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासणे हे तिच्या नियमित कामांपैकी एक. त्या तपासणीत पाण्याविषयीचे प्रश्न ती आपल्याकडून विचारते. ते तिच्या प्रश्नपत्रिकेत नव्हते. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस अचानक झडू लागले आणि देशभरातून तज्ज्ञांची पथके आली, तेव्हा तिची नेमणूक त्या गावांत नव्हती. पण तिने आम्हांला फोनवर एक गोष्ट सांगितली. नाव नसलेले दुखणे घेऊन माणूस येतो तेव्हा पुस्तकातली संज्ञा शोधण्याआधी, तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे लागते. वहीचे उजवे पान आधी भरते. डावे कधी कधी महिनोन्‌महिने कोरे राहते.

ती वही आता तिसरी चालू आहे. आम्हांला, मराठीच्या विभागांत काम करणाऱ्यांना, तिच्याकडे पाहून एक सुचवावेसे वाटते. बोलींच्या अभ्यासात आपण नातेवाचक शब्द, शेतीचे शब्द, म्हणी, ओव्या पुष्कळ गोळा केल्या. दुखण्याची बोली मात्र फारशी कोणी वेचलेली नाही. वऱ्हाडीत वेदनेला किती क्रियापदे आहेत? ठणकणे, कळ मारणे, चमकणे, भणभणणे, सलणे. यांतले कोणते कोणत्या अवयवासाठी वापरतात आणि कोणते चालत नाही? एम. ए.च्या विद्यार्थ्याला वर्षभर पुरेल असा हा प्रकल्प आहे आणि त्याचा उपयोग करून घेणारा माणूस जवळच्या उपकेंद्रात बसलेला आहे. आमच्या विद्यार्थिनीने आपल्या वह्या त्यासाठी देऊ केल्या आहेत. रुग्णांची नावे तिने त्यांत मुळातच लिहिलेली नाहीत.